जीव न घेणारी शस्त्रं

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं छापण्यापुरती थोडी आवरती घेतली आहेत.)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे आभार. याआधीच्या दोन शनिवारी इथे 'निवृत्तीचं नियोजन' आणि 'मधुमेह व आहार' अशी उपयोगी व्याख्यानं झाली. आज तुमच्यासमोर एक आयटी कन्सल्टंट उभा आहे आणि विषय आहे शस्त्रांचा! मी सैन्यात कधीच नव्हतो. कॉलेजात एनसीसीच्या परेडला दोन वर्षं 'दाहिने मुड' केलं, एवढाच काय तो माझा लष्कराशी संबंध. पण कॉम्प्युटर इंजिनिअरला एक खोड लागलेली असते. कुठल्याही यंत्रणेचं माहितीपत्रक हातात आलं की ती बंद कुठे पडेल हे तो आधी शोधतो. त्याच खोडीपायी मी या विषयात शिरलो.

इंग्रजीत यांना 'नॉन-लीथल वेपन्स' म्हणतात. आपल्याकडे 'जीवघेणा' हा नेमका शब्द आहे, म्हणून मी यांना 'जीव न घेणारी शस्त्रं' म्हणणार आहे. रबरी गोळ्या, अश्रुधूर, डोळे दिपवणारे लेझर, कानठळ्या बसवणारे भोंगे, कातडीला चटका देणारे किरण, गुंगी आणणारा वायू, हे सगळे यात येतात. १९९५ साली सोमालियातून संयुक्त राष्ट्रांच्या फौजा काढून घ्यायच्या होत्या, तेव्हा जनरल झिनी यांच्या हाताखालच्या अमेरिकन मरीन्सनी तर चिकट फेस फवारणाऱ्या बंदुकाही बरोबर नेल्या होत्या. चिकट म्हणजे कसा, तर फणसाचा चीक अंगभर लागल्यावर व्हावं तसं. फणस कापताना आपण हाताला तेल तरी लावतो. इथे तो फेस नाकातोंडावर बसला तर माणूस गुदमरणार, आणि अशा चिकटलेल्या माणसाला ताब्यात घ्यायचं तरी कसं, हा निराळाच प्रश्न!

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या शस्त्रांविषयीचं धोरण कागदावर आणलं. त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. माणसाला किंवा यंत्राला निकामी करायचं आणि मृत्यू, कायमची इजा, नको ते नुकसान 'कमीत कमी' ठेवायचं. कमीत कमी, शून्य नव्हे. या शस्त्रांनी मृत्यूची शक्यता शून्य असावी अशी अट नाही, असं त्याच कागदात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे नाव हेतूवरून पडलेलं आहे. परिणामाची हमी त्या नावात नाही.

आपल्याला ही कल्पना नवीन नाही. विराटपर्व आठवा. कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या, बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन उत्तराला सारथी करून निघाला आणि शेवटी त्याने संमोहनास्त्र सोडलं. अख्खी कौरवसेना जागच्या जागी झोपली. मग अर्जुनाने काय केलं? उत्तरेने बाहुल्यांसाठी भारी वस्त्रं मागितली होती, ती झोपलेल्या महारथींच्या अंगावरून काढून आणायला सांगितली आणि गाई घेऊन परत निघाला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, भीष्म झोपले नव्हते. त्यांना उतारा माहीत होता आणि त्यांच्यापासून जपून जा, असं अर्जुनाने उत्तराला बजावलं होतं. म्हणजे एकाच अस्त्राचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही, हे व्यासांनाही ठाऊक होतं! दुसरी गोष्ट, झोपलेल्या शत्रूला अर्जुनाने मारलं नाही. दुर्योधन जागा होऊन पुन्हा लढायची भाषा करू लागला तेव्हा भीष्मांनी त्याला हेच सुनावलं. आज मी जी उदाहरणं देणार आहे, त्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारणार आहे: झोपवल्यानंतर काय केलं?

आता थेट मॉस्को. २३ ऑक्टोबर २००२ ची रात्र. दुब्रोव्का भागातल्या नाट्यगृहात 'नॉर्द-ओस्त' या संगीतिकेचा प्रयोग चालू असताना चाळीसएक सशस्त्र चेचेन बंडखोर आत शिरले आणि प्रेक्षक-कलाकार मिळून आठशेहून जास्त लोकांना त्यांनी ओलीस धरलं. चेचेन्यातून रशियन सैन्य मागे घ्या, ही मागणी. त्यांच्यातल्या बायकांनी अंगावर स्फोटकं बांधली होती आणि सभागृहातही बॉम्ब ठेवले होते. नेहमीच्या पद्धतीने सैनिक आत घुसवले असते तर अख्खी इमारत उडण्याची भीती होती. तेव्हा 'सगळ्यांनाच झोपवा' हा विचार कागदावर चुकीचा नव्हता. खरं सांगायचं तर त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे चांगला पर्याय कुठलाच नव्हता.

२६ तारखेच्या पहाटे वायुवीजनाच्या व्यवस्थेतून गुंगीचा वायू आत सोडला आणि मग विशेष दलं घुसली. सगळे बंडखोर मारले गेले, त्यातले अनेक बेशुद्धावस्थेतच. बॉम्ब फुटले नाहीत. इथपर्यंत मोहीम यशस्वी! पण सुमारे १३० ओलीस मेले आणि त्यातले जवळजवळ सगळे त्या वायूमुळे.

असं का झालं? आपल्या मंडळात भूलतज्ज्ञ आहेत, मी चुकलो तर त्या मला इथेच थांबवतील. ऑपरेशनच्या टेबलावर एक रोगी असतो आणि त्याच्या उशाशी एक डॉक्टर बसलेला असतो. रोग्याचं वजन, वय, पोटात अन्न आहे की नाही, हृदय कसं आहे, सगळं माहीत असतं. शिवाय क्षणोक्षणी श्वास मोजला जातो. नाट्यगृहात आठशे रोगी होते. लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती, दम्याची माणसं होती, आणि तीन दिवस उपाशी, तहानलेली, एका जागी आखडून बसलेली. झरोक्याजवळच्याला जास्त मात्रा, लांबच्या कोपऱ्यातल्याला कमी. तगड्या बंडखोराचं बोट बटणावर जायच्या आत त्याला झोपवील एवढी मात्रा सोडली, तर शेजारच्या खुर्चीतल्या दहा वर्षांच्या मुलाचं काय होणार? या गणिताला उत्तरच नाही. मात्रा अधिक काळजीपूर्वक ठरवली असती तरी ते सुटलं नसतं, कारण हॉल एक होता आणि माणसं आठशे होती.

आणि याहून वाईट भाग पुढे आहे. बेशुद्ध माणसं बाहेर आणून उताणी ठेवली गेली. उताण्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते आणि श्वास कोंडतो. कुशीवर वळवायचं, एवढं साधं काम होतं. अँब्युलन्स अपुऱ्या पडल्या म्हणून लोकांना बसमध्ये भरलं. कुठलं औषध वापरलंय हे डॉक्टरांना वेळेवर सांगितलं नाही. चार दिवसांनी रशियाच्या आरोग्यमंत्र्यांनी फक्त 'फेंटानिलपासून बनवलेलं काहीतरी' एवढं कबूल केलं. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेने, वाचलेल्या ब्रिटिश प्रेक्षकांच्या कपड्यांचे आणि लघवीचे नमुने तपासून, त्यात कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल सापडल्याचं प्रसिद्ध केलं. कारफेंटानिल म्हणजे हत्तीला गुंगी देण्याचं औषध. त्याचा उतारा आपल्याला इथे अमेरिकेत चांगलाच परिचयाचा आहे. औषधांच्या दुकानात आता चिठ्ठीशिवाय मिळणारा नार्कॅनचा फवारा, म्हणजेच नॅलोक्सोन. तो वेळेत आणि पुरेसा मिळता तर यातले कितीतरी जण घरी गेले असते.

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. रात्री दोन वाजता क्लायंटच्या सर्व्हरवर साधा बदल टाकायचा असला तरी आम्हाला आधी विचारतात, 'रोलबॅक प्लॅन काय?' बिघडलं तर मागे कसं यायचं ते लिहून दिल्याशिवाय परवानगी मिळत नाही. दुब्रोव्कात डिप्लॉयमेंट उत्तम झालं, रोलबॅक प्लॅन नव्हता. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये जो निकाल दिला त्याचं सारही जवळपास हेच आहे. वायू वापरण्याच्या निर्णयाला न्यायालयाने दोष दिला नाही. बचावकार्याची तयारी आणि नंतरचा तपास, यांना दिला.

आता कायद्यातली एक गंमत. रासायनिक शस्त्रबंदीचा जागतिक करार १९९७ पासून लागू आहे. त्याप्रमाणे पोलिसांना स्वतःच्या नागरिकांवर अश्रुधूर सोडता येतो, पण सैनिकाला युद्धात शत्रूच्या सैनिकावर सोडता येत नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उफराटं वाटलं. जो गोळी घालायला आलाय त्याला गोळी घालायला परवानगी, रडवायला बंदी? पण यामागे शहाणपण आहे आणि ते महागात पडून आलेलं आहे. पहिल्या महायुद्धात आधी डोळ्यांतून पाणी काढणारी रसायनंच आली. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रला क्लोरीन आला. खंदकातल्या सैनिकाला समोरून येणारा ढग कसला आहे हे कळत नाही. तो सर्वात वाईट तेच धरून चालतो आणि तसंच उत्तर देतो.

दुसरं कारण माझ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने हजारो टन सीएस, म्हणजे अश्रुधुराचं रसायन, वापरलं. सुरुवातीला सांगितलं गेलं की यामुळे जीव वाचतील. प्रत्यक्षात भुयारांतून आणि बंकरमधून माणसं बाहेर काढण्यासाठी ते वापरलं गेलं आणि बाहेर आलेल्यांसाठी तोफा-बंदुका तयार होत्या. अश्रुधुराने जीव घेतला नाही हे अगदी खरं, त्याने फक्त माणूस नेमक्या जागी आणून उभा केला. युक्रेनच्या युद्धात हाच प्रकार पुन्हा ऐकू येतोय. रशियन ड्रोन खंदकांत धुराचे ग्रेनेड टाकतात आणि गुदमरून बाहेर आलेल्या सैनिकांवर हल्ला होतो, असा युक्रेनचा आरोप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रासायनिक शस्त्रबंदी संघटनेने, आघाडीवरच्या एका खंदकातून आलेल्या ग्रेनेडच्या आणि मातीच्या नमुन्यांत सीएस सापडल्याचं जाहीर केलं. कोणी टाकलं हे त्या अहवालात नाही.

एवढं ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग ही शस्त्रं हवीतच कशाला? तर याचीही दुसरी बाजू आहे आणि ती मला मनापासून पटते. आपल्या मराठी शाळेत शिकलेला एक मुलगा मरीन्समध्ये दाखल झाला. त्याच्या आईने मला विचारलं, "अरे, समोरचा माणूस वाईट आहे की नुसता घाबरलेला, हे कळेपर्यंत त्याला थांबवायचं काहीतरी देतात की नाही या पोरांना?" माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात अचूक प्रश्न आहे.

इराकमधल्या रस्त्यावरच्या नाक्यांवर नेमकं हेच घडत होतं. समोरून मोटार येते. आत आत्मघातकी हल्लेखोर असेल, किंवा आजारी मुलाला दवाखान्यात नेणारं कुटुंब असेल. गाडी ताशी ८० किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला २२ मीटर. इशारा शंभर मीटरवर कळला, तर सैनिकाकडे साडेचार सेकंद उरतात. त्यात त्याने बघायचं, इशारा द्यायचा, चालकाला तो कळेपर्यंत थांबायचं आणि एकोणीस-वीस वर्षांच्या डोक्याने ठरवायचं. डोळे दिपवणारा हिरवा लेझर तीनशे मीटरवरून दिसतो असं धरा. मग साडेतेरा सेकंद मिळतात. म्हणजे या शस्त्राची खरी किंमत नऊ सेकंद! नऊ सेकंद लहान वाटतात, पण तेवढ्यात ब्रेक लागतो.

अर्थात लेझर दिसला म्हणजे समजला असं नाही. ४ मार्च २००५ ला बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर काय झालं ते पाहा. निकोला कालिपारी हे इटलीचे गुप्तचर अधिकारी, जुलियाना स्ग्रेना या पत्रकार बाईंना अपहरणातून सोडवून विमानतळाकडे नेत होते. अमेरिकन सैनिकांच्या तात्पुरत्या नाक्यावर त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. कालिपारी ठार झाले. स्ग्रेना आणि चालक जखमी. अमेरिकेच्या चौकशीप्रमाणे आधी प्रखर दिवा टाकला, हिरवा लेझर दाखवला, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या आणि मग गाडीवर गोळ्या. हे सगळं काही सेकंदांत. इटलीच्या चौकशीने नाक्यावर नीट खुणा नव्हत्या आणि गाडी तेवढ्या वेगात नव्हती असं म्हटलं. दोन मित्रदेश एका अहवालावर सही करू शकले नाहीत. मला यातून दिसतं ते एवढंच, की अंधारात अचानक डोळ्यांवर आलेला उजेड म्हणजे 'थांब' आहे की 'हल्ला झाला, पळ' आहे, हे चालकाला आधीच माहीत असावं लागतं. त्यासाठी रस्त्यावर पाटी लागते, स्थानिक भाषेतली, आणि ती लेझरपेक्षा फार स्वस्त असते.

लेझरबाबत मात्र जगाने वेळेवर एक चांगलं काम केलं. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझरवर १९९५ मध्ये व्हिएन्नात बंदी घातली गेली, रणांगणावर ती शस्त्रं मोठ्या प्रमाणात येण्याच्या आधी. तात्पुरतं दिपवणारे चालतात. पण 'तात्पुरतं' हेही अंतरावर ठरतं, तेव्हा ती रेघ धूसरच आहे.

चटक्याच्या किरणांबद्दल थोडक्यात. अमेरिकेचं 'अॅक्टिव्ह डिनायल सिस्टिम' हे इंजिनिअर माणसाला मोहात पाडणारं यंत्र आहे. ९५ गिगाहर्ट्झच्या लहरी, कातडीत जेमतेम ०.४ मिलिमीटर शिरतात, भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं आणि माणूस दोन-तीन सेकंदांत बाजूला होतो. २००७ मध्ये पत्रकारांना बोलावून त्यांच्यावर ते चालवून दाखवलं. २०१० मध्ये अफगाणिस्तानात नेलं आणि एकदाही न वापरता परत आणलं. प्रात्यक्षिकातल्या पत्रकाराला माहीत असतं की बाजूला सरकलं की चटका थांबतो. खेड्यातल्या शेतकऱ्याला ते कोण सांगणार? आणि मागून गर्दी रेटत असेल तर तो सरकणार कुठे?

आता घराजवळचं बोलतो. इथे काहींच्या भुवया वर जातील, जाऊ द्यात. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने १९७० पासून रबरी आणि नंतर प्लास्टिकच्या गोळ्या वापरल्या. रबरी गोळी जमिनीवर आपटून उसळी घेऊन पायांना लागावी, अशी अपेक्षा. या दोन्ही गोळ्यांनी मिळून १७ माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. नियमातलं अंतर आणि गल्लीतलं अंतर यात फरक पडतो.

काश्मीरमध्ये पेलेट गन २०१० मध्ये आली, तीही गोळीबारात माणसं मरू नयेत म्हणून. हेतू चांगलाच होता. पण ही मुळात पक्षी टिपायची बंदूक. एका काडतुसात शेकडो छर्रे. जवळून मारली तर छर्रे एकगठ्ठा शरीरात शिरतात, लांबून मारली तर पसरतात आणि कुठला छर्रा कोणाच्या डोळ्यात जाईल ते झाडणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणजे जिथे हे शस्त्र सुरक्षित आहे असं अंतरच नाही. ही डिझाइनमधली चूक आहे. कितीही शिस्तीचा जवान असला तरी तो ती भरून काढू शकत नाही. २०१६ च्या जुलैनंतर श्रीनगरच्या इस्पितळांत डोळ्याच्या जखमांची रांग लागली, त्यात शाळकरी मुलंही होती. त्याच जवानांवर रोज दगड पडत होते आणि तेही जखमी होत होते, हेही तितकंच खरं आहे. केंद्र सरकारने समिती नेमली आणि तिखटाच्या जातीच्या 'पावा' रसायनाचे शेल आणले. पेलेट गन मात्र शेवटचा उपाय म्हणून राहिलीच. (तिखटावरून आठवलं, ईशान्येकडच्या भूत जोलोकिया मिरचीचा ग्रेनेड आपल्या डीआरडीओने बनवलाय. कोल्हापूरकरांनी वाईट वाटून घेऊ नये, लवंगी त्या स्पर्धेत टिकली नसती.)

आणि शेवटचं उदाहरण, जिथे बंदूक चाललीच नाही. भारत आणि चीन यांच्यात १९९६ चा करार आहे. प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत कोणी गोळी झाडायची नाही. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात दोन्ही बाजूंनी तो पाळला. एकही गोळी सुटली नाही. कर्नल संतोष बाबूंसह आपले वीस जवान गेले. खिळे लावलेले दांडके, दगड, काळोख, उंची आणि बर्फासारखं नदीचं पाणी. चीनने आपले चार जण गेल्याचं पुढच्या वर्षी मान्य केलं. त्यानंतर २०२१ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने विजेचा झटका देणारे त्रिशूळ आणि वज्र नावाचे दांडे बनवून दाखवले आणि त्यांचंही नाव 'नॉन-लीथल'च होतं. सपाट मैदानात, उन्हात, ते नाव कदाचित खरं ठरेल. चौदा हजार फुटांवर, खाली नदी असलेल्या कड्यावर, झटका बसून कोसळलेला माणूस कुठे पडेल, हे त्या माहितीपत्रकात मला सापडलं नाही.

माझी वेळ संपल्याची खूण सेक्रेटरी मघापासून करतायत, तीही जीव न घेणारीच आहे. भूलतज्ज्ञ बाईंनी मघाशी हात वर केला होता, तेव्हा पहिला प्रश्न त्यांचा.